मोटारीचे ब्रेक आणि वंगणाची निवड

मोटारीच्या ब्रेकमध्ये भरावयाच्या द्रवाला आपल्याकडे सर्रास ‘ब्रेक ऑइल’ असे म्हणतात. वाहनधारक याच नावाने तो मागतो, दुकानदार याच नावाने तो देतो आणि गॅरेजच्या बिलावरही हेच नाव उमटते. नाव रूढ झालेले आहे, ते बदलण्याचा संभव नाही. तथापि ते फसवे आहे. आज बहुतेक सर्व मोटारींत वापरला जाणारा हा द्रव तेल नसून ग्लायकॉल नावाच्या रासायनिक कुळातील आहे. तो पाण्यात मिसळतो, तेलात मिसळत नाही. आणि ज्या रबरी भागांवर ब्रेकचे सारे काम अवलंबून असते, त्या भागांना खनिज तेलाचा स्पर्शही सोसत नाही. नावात ‘ऑइल’ आहे म्हणून इंजिनाचे ऑइल थोडेसे चालेल, तेल चालते म्हणून ग्रीसही चालेल, अशी विचारांची साखळी सहज तयार होते. ब्रेकच्या दुरुस्तीत होणाऱ्या अनेक चुकांचे मूळ या साखळीत सापडते.

ब्रेकची रचना समजली म्हणजे यातील धोका ध्यानी येतो. चालकाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या द्रवावर दाब देतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याचा नियम शाळेतील मुलांना पाठ असतो. त्याच नियमाने हा दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातो. तेथील दट्टे पुढे सरकतात आणि ड्रममधील शू किंवा डिस्कवरील पॅड घट्ट दाबले जातात. दट्ट्याच्या बाजूने द्रव निसटू नये यासाठी प्रत्येक ठिकाणी रबरी कप किंवा रबरी कडे बसविलेले असते. टनभर वजनाची मोटार थांबविणाऱ्या या योजनेत दाब धरून ठेवण्याचे काम अखेर बोटाच्या पेरापेक्षा फार मोठे नसलेले रबराचे तुकडे करीत असतात.

हे रबर बहुधा एथिलीन-प्रॉपिलीन जातीचे असते. ग्लायकॉलच्या सान्निध्यात ते वर्षानुवर्षे टिकते. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल, गिअर ऑइल आणि बाजारात मिळणारे साधे पिवळे वा निळे ग्रीस ही सर्व खनिज तेलाची अपत्ये होत. यांपैकी काहीही लागले की ते रबर तेल शोषून फुगते आणि मऊ पडते. इंजिनातील ऑइल सीलचे रबर निराळ्या जातीचे असते. त्याला तेल चालते, म्हणून मिस्त्रीचा अनुभव त्याला येथे दगा देतो. एका रबराचा पोशिंदा तो दुसऱ्याचा वैरी, असा हा प्रकार आहे.

हा बिघाड लगेच दिसत नाही, हे विशेष ध्यानात ठेवावयास हवे. ग्रीस लावून बसविलेला ब्रेक पहिल्या दिवशी उत्तम चालतो. दट्टे सुळसुळीत सरकतात, पेडल घट्ट लागते, मालक समाधानाने पैसे देऊन जातो. पुढे काही दिवसांनी वा आठवड्यांनी कप फुगू लागतात. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक छिद्र असते. पेडलवरून पाय काढल्यावर नळीतील जादा दाब त्या छिद्रावाटे टाकीकडे परत जातो. फुगलेल्या कपाची कड या छिद्रावर आली की दाब सुटत नाही. पाय काढला तरी ब्रेक थोडासा लागलेलाच राहतो, चाक तापत जाते आणि त्या तापाने आतील द्रव उकळू लागतो. द्रव दाबला जात नाही. वाफ मात्र दाबली जाते. पेडल थेट तळाला जाते आणि मोटार थांबत नाही. दुरुस्ती कोठे झाली आणि अपघात कोठे झाला, यांचा संबंध मग कोणी जोडीतही नाही.

मोटारींना पाण्यासारख्या द्रवावर चालणारे ब्रेक सर्रास बसू लागले ते १९२० नंतरच्या काळात. अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग या मोटारीला १९२१ च्या सुमारास चारही चाकांना असे ब्रेक मिळाले. त्या आरंभीच्या दशकांत ब्रेकमध्ये एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण भरीत असत. बैलगाडीच्या आसाला एरंडेलाचे वंगण घालणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला याचे नवल वाटणार नाही. नैसर्गिक रबराला खनिज तेल सोसत नाही, एरंडेल सोसते, हे त्या काळच्या कारागिरांनीही जाणले होते. ब्रेकसाठी मिळणारे लाल रंगाचे रबर ग्रीस आजही वनस्पतिजन्य तेलापासून केले जाते, त्याचे कारण हेच. अर्थात घरातील एरंडेलाची बाटली ब्रेकमध्ये रिकामी करावी, असा याचा अर्थ नव्हे. उलट सित्रोएन या फ्रेंच कंपनीच्या काही मोटारींत १९६० नंतरच्या दशकापासून हिरव्या रंगाचे खनिज तेलच ब्रेकमध्ये वापरले जाई. त्या मोटारींचे रबर तेल सोसणारे होते आणि तेथे ग्लायकॉलचा द्रव घातला असता तोच विध्वंस घडला असता. द्रव आणि रबर यांची जोडी कारखान्यात ठरते. ती गॅरेजमध्ये मोडता येत नाही.

घाटाचा हिशेब

गोव्यातून बाहेर पडावयाचे तर पूर्वेला सह्याद्री ओलांडावा लागतो. बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाट उतरून केरी-साखळीकडे येणारी वाहने, किंवा रामनगरहून अनमोड घाट उतरून मोल्यास येणारी वाहने, यांच्या ब्रेकवर सपाट रस्त्यावरील वाहनांपेक्षा किती अधिक भार येतो, याचा अंदाज साध्या गणिताने घेता येतो. १,००० किलो वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगात असता तिला थांबविण्यासाठी सुमारे १ लाख ३९ हजार ज्यूल इतकी ऊर्जा उष्णतेत रूपांतरित करावी लागते. तीच मोटार ५०० मीटर उंचीवरून खाली उतरली तर सुमारे ४९ लाख ज्यूल ऊर्जेची विल्हेवाट लावावी लागते. म्हणजे ताशी ६० च्या वेगातून पस्तीस वेळा लागोपाठ थांबण्याइतके ते काम झाले. एवढ्या उष्णतेने १६ लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीला येईल. यातील काही भाग वारा आणि चाकांचे घर्षण खाऊन टाकते. खालच्या गिअरमध्ये उतरल्यास मोठा भाग इंजिन उचलते. जो चालक गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवितो, त्याच्या मोटारीत मात्र इंजिनाचा वाटा शून्य होतो आणि तो भार ब्रेकवर पडतो. डिस्कचे तापमान अशा वेळी सहज काही शे अंशांवर जाते.

वंगणाच्या निवडीशी याचा थेट संबंध आहे. व्हील बेअरिंगमध्ये भरण्याचे लिथियम जातीचे ग्रीस सुमारे १८० ते २०० अंशांना पातळ होऊन गळू लागते. सतत वापरासाठी तर त्याची मर्यादा त्याहूनही पुष्कळ खाली असते. चॅसिसला मारण्याचे स्वस्त कॅल्शियम ग्रीस १०० अंशांच्या आसपासच वितळते. बेअरिंगमध्ये वा सांध्यात ही ग्रीसे आपापले काम चोख करतात. ब्रेकच्या तापात ती वितळून पॅडवर वा लायनरवर ओघळतात आणि ज्या पृष्ठभागावर घर्षण हवे नेमक्या त्याच पृष्ठभागावरचे घर्षण संपवितात.

घाटाची जी गोष्ट तीच पावसाची. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि किनाऱ्यावरील खारी हवा वर्षभर असते. ग्लायकॉलचा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. डॉट ३ या प्रतीचा नवा द्रव किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये, असे प्रमाण आहे. सुमारे पावणेचार टक्के पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ असे आहेत. या कारणाने साधारणतः दोन वर्षांनी द्रव बदलावा असे बहुतेक मोटार कारखाने सांगतात आणि आपल्या हवेत ही मुदत लांबविणे शहाणपणाचे नाही. झाकण उघडून महिनोन्महिने फळीवर राहिलेल्या डब्यातील उरलासुरला द्रव वापरणे ही काटकसर नव्हे. येथेही नावाचा एक सापळा आहे. डॉट ५.१ हा ग्लायकॉलच्याच कुळातील द्रव आहे. डॉट ५ मात्र सिलिकोनचा असतो आणि तो इतरांत मिसळत नाही. डब्यावरील एका टिंबावर एवढा फरक अवलंबून असतो.

कोणत्या जागी काय लावावे

दुरुस्तीच्या वेळी ब्रेकला वंगण लागतच नाही असे समजणे हेही चूक आहे. अगदी कोरडा ठेवलेला ब्रेक किनारपट्टीच्या हवेत गंजतो, अडकतो आणि कर्कश वाजतो. योग्य जागी, योग्य प्रकारचे आणि फार थोडे, हे या कामाचे सूत्र आहे.

पुढच्या चाकांना बहुधा डिस्क ब्रेक असतात. त्यांतील कॅलिपर दोन पिनांवर आत-बाहेर सरकतो. या पिना म्हणजे साऱ्या दुरुस्तीतील सर्वांत उपेक्षित भाग होय. त्या सुकल्या वा गंजल्या की कॅलिपर एका जागी अडकतो आणि दट्ट्याकडील पॅड एकटाच काम करतो. एक पॅड पत्र्यापर्यंत झिजलेला आणि दुसरा जवळपास नवा, असे दृश्य दिसले की पिना अडकल्या असे समजावे. पॅड बदलण्यापुरते काम करून पिनांना हात न लावणारी दुरुस्ती अर्धवटच म्हणावी लागेल. पिना बाहेर काढून, जुने काळे पडलेले ग्रीस पुसून, त्यांवर ब्रेकसाठी तयार केलेले सिलिकोन ग्रीस अथवा कारखान्याने सांगितलेले ग्रीस यांचा पातळ थर द्यावा. पिनांवर रबरी बूट असतात, म्हणून येथे खनिज तेलाचे ग्रीस चालत नाही. बूट फाटलेला असल्यास ग्रीस कितीही चांगले असले तरी एका पावसाळ्यात पिन गंजते. नव्या बुटाचा खर्च नव्या कॅलिपरच्या मानाने अगदी क्षुल्लक असतो.

पॅडची दोन टोके ज्या खाचांत सरकतात तेथील गंज वायर ब्रशने काढावा. येथे उष्णता पुष्कळ असते, त्यामुळे उच्च तापमान सोसणारे सिरॅमिक किंवा मॉलिब्डेनमयुक्त ब्रेक ग्रीस लागते, तेही बोटाला जाणवेल न जाणवेल इतकेच. पॅडच्या पाठीमागे, दट्टा जेथे टेकतो तेथे, याच ग्रीसचा पातळ थर दिल्यास आवाज कमी होतो. पूर्वी या कामी तांब्याचा चुरा घातलेले ग्रीस सर्रास वापरीत. अलीकडे अनेक कारखाने त्याला मनाई करतात. तांबे आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की ॲल्युमिनियमचा भाग खाल्ला जातो. शिवाय चाक घसरू न देणाऱ्या एबीएस योजनेचे संवेदक जवळच असतात आणि धातूचा चुरा त्यांच्या आसपास नसलेला बरा.

कॅलिपरमधील दट्टा आणि त्याचे रबरी कडे, तसेच मास्टर सिलिंडर व चाकांच्या सिलिंडरमधील कप हे भाग जोडताना त्याच ब्रेकमध्ये भरावयाचा ताजा, स्वच्छ द्रव लावावा. किंवा ब्रेकसाठीच म्हणून विकले जाणारे लाल रबर ग्रीस किंचित लावावे. तिसरा पर्याय नाही.

मागच्या चाकांच्या ड्रम ब्रेकमध्ये शूच्या कडा पाठीमागील पत्र्यावरील काही उंचवट्यांवर घासत सरकतात. तेवढ्या उंचवट्यांवर उच्च तापमानाच्या ग्रीसचा एकेक ठिपका द्यावा. शूमधील अंतर कमी-जास्त करणाऱ्या दातेरी चक्राच्या आट्यांनाही ते लावावे, अन्यथा वर्षभराने ते चक्र फिरेनासे होते आणि पेडल खोल जाऊ लागते. हँडब्रेकच्या दांडीच्या सांध्यालाही थोडे चालते. गोव्यात प्रवासी नेणाऱ्या पायलटांच्या आणि इतरही मोटारसायकलींच्या ड्रम ब्रेकमध्ये शूना फाकविणारा कॅम असतो. त्याच्या आसालाही असाच एक ठिपका लागतो, तथापि तेथे ग्रीस भरून ठेवल्यास ते थेट लायनरवर जाते.

जेथे काहीच नको

डिस्कचे दोन्ही पृष्ठभाग, ड्रमचा आतील पृष्ठभाग, पॅड आणि लायनर यांवर कोणतेही वंगण नको, हे सांगण्याची गरज पडू नये. पण पडते. ब्रेक वाजतो म्हणून फवाऱ्याच्या डब्यातील गंज सोडविणारे तेल चाकावर मारणारे उत्साही वाहनधारक आढळतात. आवाज थांबतो, त्याबरोबर ब्रेकही जातो. तेल पिलेले लायनर पॉलिश पेपरने घासून किंवा पेट्रोल टाकून जाळून पुन्हा बसविण्याची रीत काही ठिकाणी आहे. लायनर सच्छिद्र असते. वरचे तेल जळते, खोल गेलेले तेल पुढच्या घाटात वर येते. असे लायनर टाकून द्यावे, आणि एकाच चाकाचे न बदलता त्या आसावरील दोन्ही चाकांचे बदलावे, नाहीतर ब्रेक लागताच मोटार एका बाजूला ओढली जाईल. तेल कोठून आले याचाही शोध प्रथम घ्यावा. मागच्या आसाचे ऑइल सील गळत असेल तर नवे लायनर आठवडाभरात तेच रूप धारण करील.

चाकाचे नट आणि बोल्ट यांच्या आट्यांना ग्रीस लावण्याची सवयही सोडावयास हवी. कारखान्याने नट आवळण्याचे जे माप दिलेले असते ते बहुधा कोरड्या आट्यांसाठी असते. ग्रीस असता त्याच जोराने नट प्रमाणाबाहेर आवळला जातो आणि बोल्ट ताणला जातो.

वंगणाइतकाच धुण्याचा प्रश्न महत्त्वाचा आहे, किंबहुना आपल्या गॅरेजांत जास्त नुकसान येथेच होत असावे. सुटे भाग परातीत घालून डिझेलने वा रॉकेलने धुण्याची पद्धत इंजिनाच्या कामात योग्यच आहे. त्याच परातीत ब्रेकचे कप आणि सिलिंडर बुचकळले की पुढे कितीही भारी ग्रीस आणले तरी व्यर्थ. ब्रेकचे रबरी भाग ब्रेकच्या स्वच्छ द्रवाने किंवा स्पिरिटने धुवावेत. धातूच्या भागांसाठी ब्रेक क्लीनर मिळतो. ड्रममधील धूळ हवेच्या नळीने कधीही उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांचे असाध्य विकार होतात. ओल्या फडक्याने धूळ टिपून घ्यावी.

शाळेत करून पाहण्याजोगे

विज्ञानाच्या शिक्षकांना या विषयाचा एक सोपा प्रयोग वर्गात दाखविता येईल. एकाच किटमधील सारखे तीन नवे रबरी कप घ्यावेत. प्रत्येकाचा व्यास व्हर्निअरने मोजून नोंद करावी. एक कप ब्रेकच्या द्रवात, दुसरा इंजिन ऑइलमध्ये आणि तिसरा रॉकेलमध्ये, अशा झाकणाच्या तीन बाटल्यांत ते ठेवावेत. आठ दिवसांनी बाहेर काढून पुन्हा मोजावे. पहिल्यात फारसा फरक आढळणार नाही. उरलेले दोन फुगलेले व मऊ झालेले हाताला कळतील आणि सिलिंडरमध्ये पूर्वीसारखे बसणार नाहीत. ब्रेकचा द्रव विषारी असतो आणि डोळ्यांना इजा करतो, तेव्हा बाटल्या शिक्षकांच्याच ताब्यात राहाव्यात. मोटारीच्या रंगावर तो सांडल्यास रंगही उतरतो. मात्र तो पाण्यात मिसळत असल्याने लगेच भरपूर पाणी ओतल्यास रंग वाचतो. प्रयोगातील कप पुन्हा वापरू नयेत.

शासकीय वाहनांच्या बाबतीत चुकीचा आरंभ पुष्कळदा कागदावर होतो. मागणीपत्रात नुसते ‘ग्रीस’ असे लिहिले की भांडारातून सर्वांत स्वस्त ग्रीसचा डबा येतो आणि तो बेअरिंगपासून ब्रेकपर्यंत सर्वत्र फिरतो. ‘बेअरिंगसाठी ग्रीस’, ‘कॅलिपर पिनांसाठी सिलिकोन ब्रेक ग्रीस’, ‘ब्रेकसाठी रबर ग्रीस’ अशा तीन स्वतंत्र नोंदी केल्यास खर्च फारसा वाढत नाही, कारण ब्रेकला लागणारे ग्रीस एका चाकामागे काही ग्रॅमच असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९६ वा नियम ब्रेकविषयी आहे, आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम १९० अन्वये असुरक्षित स्थितीतील वाहन रस्त्यावर आणणे हा गुन्हा ठरतो. सर्वसाधारण काळजी घेतल्यास जो दोष कळू शकला असता, त्याचाही यात समावेश होतो.

खेड्यातील वाहनधारकाला रसायनशास्त्र येण्याची आवश्यकता नाही. ब्रेकचे काम चालू असता त्याने मिस्त्रीला डबा दाखविण्यास सांगावे. त्यावर ब्रेकसाठी किंवा ब्रेकच्या रबरासाठी असल्याचे लिहिलेले असले पाहिजे. चांगला मिस्त्री याचा राग मानीत नाही. चुकून इंजिन ऑइल ब्रेकच्या टाकीत पडले असल्यास, ते थोडेच होते, काढून टाकले, एवढ्यावर समाधान मानू नये. पेडल न दाबता वाहन तेथेच उभे ठेवून सर्व नळ्या धुणे आणि तेल लागलेले सर्व रबरी भाग बदलणे भाग असते.

काम संपल्यावर इंजिन सुरू करून पेडल घट्ट लागेपर्यंत जागेवरच अनेकदा दाबावे, मगच वाहन हलवावे. पॅड बदलताना मागे ढकललेला दट्टा पहिल्या दाबात पुढे येत नाही. निर्जन सपाट रस्त्यावर कमी वेगात दोन-चार वेळा थांबून पाहावे. दहा-पंधरा किलोमीटर चालविल्यावर चारही चाकांजवळ, स्पर्श न करता, तळहात नेऊन ऊब ताडून पाहावी. एकच चाक इतरांहून फार तापलेले असेल तर ब्रेक सुटत नाही असे समजावे आणि घाटाकडे न जाता गॅरेजकडे परतावे. तीन-चार आठवड्यांनी हीच परीक्षा पुन्हा करावी, कारण फुगणारे रबर आपला परिणाम त्या सुमारास दाखवू लागते.